एकच गाव, तीन वर्षं: कॉलेजनं गावाशी नातं कसं जोडावं

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यातून एसटीनं फिरा, कुठल्या तरी गावाच्या वेशीवर फ्लेक्स दिसतोच. ‘विशेष वार्षिक युवक शिबिर’ आणि खाली प्राचार्यांपासून सरपंचांपर्यंत सगळ्यांचे फोटो. सात दिवस पोरं रस्ते झाडतात, खड्डे खणतात, रात्री पथनाट्य करतात आणि आठव्या दिवशी टेम्पोत गाद्या भरून निघून जातात. पुढच्या वर्षी दुसरं गाव. वर्षभरानं त्या गावात विचारलं तर कॉलेजचं नाव धड कुणाला सांगता येत नाही, आणि कॉलेजातल्या पोरांना गावातल्या एकाही माणसाचं नाव आठवत नाही.

तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: एकच गाव, सलग तीन वर्षं, महिन्याला एक फेरी. पदवीची पहिली तुकडी बाहेर पडेपर्यंत गाव बदलायचं नाही. एवढं जमणार नसेल तर शिबिर जरूर करा, त्यातूनही पोरं चार गोष्टी शिकतात, पण गावाशी नातं जोडलं असं अहवालात लिहू नका.

सुरुवात हजेरीपटापासून

‘समाजाशी संपर्क’ म्हणून आपण पोरांना गावात न्यायला निघतो, आणि इकडे वर्गातली कितीतरी पोरं रोज सकाळी गावातूनच आलेली असतात. पहाटे उठून गोठा झाडून, दोन भाकरी थापून, एसटीत दाराशी उभी राहून आलेल्या मुलीला ‘ग्रामीण जीवनाचा परिचय’ करून देणं म्हणजे जरा जास्तच झालं. तिच्याकडून तो परिचय आपण करून घ्यायला हवा.

म्हणून पहिलं काम वर्गातच करायचं. मोठ्या कागदावर तालुक्याचा नकाशा काढा, रस्ते दाखवा, आणि हजेरीपट समोर ठेवून प्रत्येकाच्या गावावर एक टिंब द्या. तासाभराचं काम आहे. टिंबं कुठल्या रस्त्यावर दाट आहेत, कुठल्या भागातून कुणीच येत नाही, हे लगेच दिसतं. जिथून एकही मुलगी कॉलेजात येत नाही असा पट्टा दिसला, तर तो नकाशावर लाल शाईनं घेरून ठेवा. त्याचं कारण शोधणं हाच एक प्रकल्प आहे, आणि बऱ्याचदा ते कारण एसटीच्या वेळापत्रकात सापडतं.

त्याच बैठकीत वर्गाचे तीन गट पाडा: अपडाऊन करणारे, रूम करून राहणारे आणि वसतिगृहातले. या तिघांच्या हाताशी वेगवेगळा वेळ असतो. अपडाऊनवाल्यांचा दिवस शेवटच्या गाडीला संपतो. दुपारी चारला कार्यक्रम ठेवलात की निम्म्या मुली आपोआप गळतात आणि आपण म्हणत राहतो, ‘मुलींचा प्रतिसाद कमी आहे.’ फेरी सकाळच्या गाडीनं जाऊन दुपारी दोन-अडीचला मोकळी व्हायला हवी. शिवाय विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गावर चालतो. निवडलेलं गाव त्या मार्गावर असेल तर बऱ्याच पोरांना वेगळं भाडं पडत नाही. मार्गाबाहेरचं असेल तर मुलींना अर्धं तिकीट आहेच, मुलांच्या भाड्याची तरतूद आधी करा. वीस-तीस रुपये ही सगळ्यांसाठी किरकोळ रक्कम नसते, आणि नाही म्हणायला पोरांना लाज वाटते. मग ती नुसतीच गैरहजर राहतात.

गाव निवडताना

कॉलेजपासून दहा-पंधरा किलोमीटर, एका गाडीनं पोचता येईल असं, दीड-दोन हजार वस्तीचं गाव चांगलं. त्याहून मोठं गाव पोरांच्या आवाक्यात येत नाही. तुमच्या वर्गातला किमान एक विद्यार्थी त्या गावचा असावा, पण त्याच्या घरावर चहापाण्याचा सगळा भार टाकू नये.

काही गावं टाळावीत. संस्थेच्या अध्यक्षांचं गाव टाळावं, कारण तिथं पोरांना कुणी खरं बोलणार नाही. ‘आदर्श’ म्हणून नावाजलेलं गाव टाळावं, तिथं पाहुण्यांना काय दाखवायचं हे पाठ झालेलं असतं. ते बघायला एक दिवस जाऊन या. जालना जिल्ह्यातलं कडवंची, पाणलोटाचं काम आणि द्राक्षबागा यासाठी, पाहण्यासारखं आहेच. आणि ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर असलेलं गाव निदान सहा महिने बाजूला ठेवा. तिथं तुम्ही कुणाच्या ओट्यावर बसलात यावरून तुमचं पॅनल ठरतं.

कागदोपत्री व्यवस्था निरनिराळ्या आहेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून चालू आहे. तिच्यात स्वयंसेवकानं वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर करायचं असतं. उच्च शिक्षण संस्थांना गावांशी जोडणाऱ्या केंद्राच्या उन्नत भारत अभियानात संस्थेला किमान पाच गावं घ्यावी लागतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात समुदाय सहभाग प्रकल्पाचे दोन श्रेयांकही (क्रेडिट) आले आहेत. प्रत्यक्ष कामाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले तर ते साठ तास होतात. ही तिन्ही कामं तीन वेगळ्या गावांत वाटून टाकू नका. पाच गावांची नोंद करायची ती करा, पण जीव एकाच गावात लावा. सेवा योजनेचे तास, प्रकल्पाचे तास आणि भूगोल-अर्थशास्त्राचं क्षेत्रकार्य तिथंच बसवता येतं. विभागप्रमुखांना एकत्र बसवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम, ते प्राचार्यांवर सोपवावं.

पेरणी-काढणीचं कॅलेंडर भिंतीवर हवं

विद्यापीठाचं कॅलेंडर आणि शिवाराचं कॅलेंडर यांचं जमत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी आणि मळणी, त्यापाठोपाठ कापसाची वेचणी. या दिवसांत ‘प्रबोधन मेळावा’ ठेवला तर समोर चार म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं बसतील, आणि तो दोष गावाचा नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या ऊसतोड पट्ट्यात तर दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, बाहेर पडतात ती कारखान्याचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, परतत नाहीत. जानेवारीत तिथं सर्वेक्षण केलंत तर निम्म्या घरांना कुलपं, आणि तुमच्या तक्त्यात गाव म्हाताऱ्यांचं निघेल. अशा गावात महत्त्वाच्या भेटी ऑगस्टमध्ये कराव्यात, नाहीतर एप्रिलनंतर. उलट घरोघर मागं राहिलेल्या आज्या आणि नातवंडांसोबत काम करायचं असेल तर जानेवारीच हवा.

लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस, ही तर न चुकवण्याची संधी. त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. आंबील, भज्जी, उंडे, खीर. कुणाच्याही वावरात गेलात तरी जेवल्याशिवाय सुटका नाही. कुठलाही कार्यक्रम न ठेवता, बॅनर न घेता पोरांनी त्या दिवशी नुसतं जाऊन जेवून यावं. वर्षभराच्या ओळखी त्या एका दुपारी होतात.

जाण्याआधी वाचून जावं असं थोडं

मराठवाड्यात कॉलेज आणि गाव यांचं नातं कोऱ्या पाटीवर सुरू होत नाही. निजामाच्या काळात उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट धरावी लागे. मुक्तीनंतर, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थीच पुढं होते. आणि २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केल्यावर गावागावांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला.

हे इथं सांगायचं कारण असं की विद्यापीठाच्या नावावरून ज्या गावात घरं जळाली, तिथं विद्यापीठाचं नाव छातीवर लावून जाताना पोरांना हे ठाऊक असावं. वस्तीतल्या आजोबांना ते ठाऊक असतंच. तसंच किल्लारी परिसरात जाणार असाल तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर त्या लोकांनी किती जणांना किती फॉर्म भरून दिले असतील याचा विचार करून मगच प्रश्नावली बाहेर काढा.

पहिली फेरी: कुणाकडे, कशी

पहिल्या फेरीला आठ-दहा जणांपेक्षा जास्त पोरं नेऊ नका, आणि त्यात निम्म्या मुली असू द्या. मुली नसतील तर घराच्या आतल्या अर्ध्या गावाशी बोलणंच होत नाही. आधी ग्रामपंचायतीत सरपंच आणि ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं) यांना प्राचार्यांचं पत्र द्या. सरपंच बाई असतील आणि खुर्चीवर त्यांचे मालक बसले असतील, तर त्यांना नमस्कार करून शांतपणे विचारावं, ‘सरपंचबाई कधी भेटतील? पत्र त्यांच्या नावानं आहे.’ वाद घालायचा नाही, पत्रही दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही.

नंतर मुख्याध्यापक, अंगणवाडीताई, आशाताई. गावाची खरी माहिती आशाताईंकडे असते: कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाला बीपीची गोळी परवडत नाही, कोण कधी बाहेरगावी जातं. पण त्यांच्यावर आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. त्यांचा तास घेतलात तर त्या बदल्यात त्यांचं काहीतरी काम हलकं करा, निदान त्यांच्या याद्या नीट उतरवून द्या.

मग गावातून पायी फिरा. इथं एक नियम पाळा: पाराजवळ किंवा मंदिराच्या ओट्यावर भेटणारी माणसं म्हणजे गाव नव्हे. दलित वस्ती, मुस्लिम गल्ली, तांडा, गावाबाहेरची पारधी किंवा वडार वस्ती, आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) राहणारे सालगडी, या सगळ्यांकडे पहिल्या दोन फेऱ्यांतच पोचायचं. पाणी पिताना, चहा घेताना पोरं कुठं घेतात आणि कुठं नको म्हणतात, हे सगळं गाव बघत असतं. ‘आताच झाला’ म्हणून एका वस्तीतला चहा टाळला आणि पुढच्या गल्लीत घेतला, तर तीन वर्षांचं काम तिथंच संपलं म्हणा. हे निघण्याआधी गाडीतच स्पष्ट बोलून घ्या, अवघडल्यासारखं वाटलं तरी.

बोलताना मामा, मावशी, आजी, बाबा, दादा, ताई असं आपण घरी बोलतो तसं बोलावं. ‘लाभार्थी’, ‘जनजागृती’, ‘तुमच्यात जाणीव निर्माण करायला आलो आहोत’ हे शब्द कॉलेजातच ठेवून जावेत. ‘आम्ही अमुक कॉलेजची पोरं, दर महिन्याला येणार, गाव समजून घ्यायचंय’ एवढं पुरे. ‘आमचं काम काय करून देता?’ असं कुणी विचारलं की उत्तर खरं द्या: पैसे नाहीत, घरकुल मंजूर करणं हाती नाही, पण मोजमाप, लिहिणं-वाचणं, शोधून आणणं एवढं करू शकतो.

पहिल्या तीन फेऱ्यांत जमीन किती, कर्ज किती, जात कोणती हे प्रश्न विचारायचे नाहीत. छापील फॉर्म न्यायचाच नाही. वहीत घरी आल्यावर लिहायचं.

काम ठरवायचं ग्रामसभेत

वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि प्रत्येकीच्या आधी महिलांची सभा. दोन्हींना पोरांनी जाऊन मागं बसावं. पहिल्या सभेत काही बोलू नये. लोक कशावर आवाज चढवतात ते टिपावं: टाकीचं पाणी, स्मशानाचा रस्ता, शाळेचे पत्रे, दारू. महिलांच्या सभेत वेगळी यादी निघते. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की तुम्हाला झेपणारी दोन-तीन कामं दिसू लागतात. दुसऱ्या सभेत सरपंचांच्या परवानगीनं उभं राहून सांगा: यातलं एवढं आम्ही करू शकतो, कुठलं आधी करू? जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून घ्या. हात खडूचे असोत की मातीचे, काम गावाच्या ठरावानं चालू झालं की पुढची भांडणं निम्मी कमी होतात.

विहिरी मोजा: पहिल्या वर्षासाठी एक पक्कं काम

काय करावं सुचत नसेल तर माझी शिफारस विहिरींची. मराठवाड्यात पाणी हा विषय कुणाला पटवून द्यावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते पोरांच्या आई-वडिलांना चांगलं आठवतं. या कामाला पैसा जवळजवळ लागत नाही, भूगोल, गणित, विज्ञान सगळ्यांना त्यात जागा आहे, आणि मुख्य म्हणजे ते एका दिवसात संपत नाही. त्यासाठी परत जावंच लागतं.

शिवारातल्या पंधरा-वीस विहिरी निवडा. ओढ्याकाठच्या, माळावरच्या, गावठाणातला आड, अशा सगळ्या प्रकारच्या. मालकाची परवानगी घ्या आणि त्याचं नाव वहीत, पण तक्त्यात नुसता क्रमांक. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा पातळी मोजायची. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, त्यामुळे तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात. साधन म्हणजे लांब मेजपट्टी आणि टोकाला बांधलेलं वजन. काठावर एका ठिकाणी ऑइलपेंटनं खूण करा, दर वेळी तिथूनच पट्टी सोडा, आणि कठड्याची उंची वजा करून जमिनीपासून पाणी किती खोल ते लिहा.

मोटर चालू असताना किंवा नुकतीच बंद झाली असताना मोजलं तर आकडा फसवा येतो, कारण उपसलेली विहीर काही तासांनी पुन्हा भरते. म्हणून सकाळी, मोटर लागण्याआधी मोजा. रात्रीची लाईट असेल तर मालकाला विचारा, ‘मामा, मोटर कधी बंद केली?’ आणि ती वेळही लिहा. कठडा नसलेल्या विहिरीवर मोजायचं नाही, कितीही चांगली जागा असली तरी. प्रत्येक विहिरीवर तिघं: एक पट्टी धरणारा, एक लिहिणारा, एक नुसता लक्ष ठेवणारा. ओल्या काठावर मोबाइलवर फोटो काढणाऱ्याला चौथा माणूस म्हणून नेऊ नका.

पोरांना इथं एक कोडं पडतं. शेजारशेजारच्या दोन विहिरी, एकीला मेपर्यंत पाणी, दुसरी फेब्रुवारीत कोरडी. आपल्याकडचा खडक बहुतेक बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण. पाणी त्याच्या भेगांत आणि मुरमाड, झिजलेल्या थरांत राहतं, आणि ते थर सगळीकडे सारखे नसतात. भूगोलाच्या पुस्तकातली ती ओळ विहिरीच्या काठावर उभं राहून कळते.

शाळेत एक साधं पर्जन्यमापक बसवा आणि नोंदीचं काम सातवी-आठवीच्या पोरांकडे द्या. मग हिशेब मांडता येतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गावाचं शिवार हजार हेक्टर आणि पाऊस ६०० मिलिमीटर झाला, तर पडलं ६०० कोटी लिटर. हा आकडा ऐकून सभेत सगळे चकित होतात आणि लगेच कुणीतरी विचारतं, ‘मग गेलं कुठं?’ तिथून पुढची चर्चा गावाची गावच करतं: किती वाहून गेलं, किती उडून गेलं, उसाखाली किती हेक्टर आहे. तुम्ही फक्त फळ्यावर मांडत जा. विहिरीतलं पाणीही असंच काढता येतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर साधारण १ लाख १३ हजार लिटर. बारावी नापास शेतकऱ्यालाही हे गणित आवडतं, कारण ते त्याच्या विहिरीचं आहे.

ऊस लावू नका असा उपदेश पोरांनी करू नये. त्यांना ना कारखान्याचं बिल ठाऊक, ना सावकाराचं व्याज.

मोबाइलवरची मदत, आणि तिचे धोके

दुसरं काम न बोलावता अंगावर येतं. ई-पीक पाहणी, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविम्याची नोंद, आधारमधली दुरुस्ती. पोरं हे भराभर करतात आणि गावाला त्याचं खरंच मोल वाटतं. महिन्याच्या फेरीत शाळेत दोन तास टेबल मांडून बसावं. पण तीन गोष्टी कडक: ओटीपी मालकानं स्वतः टाकायचा, आधार-सातबाराचे फोटो पोरांच्या मोबाइलमध्ये राहायचे नाहीत, काम झालं की त्यांच्यासमोरच पुसायचे, आणि पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा टेबलावर नको. गावात जो पोरगा सेवा केंद्र चालवतो त्याच्या पोटावर पाय येतो हेही ध्यानात घ्या. त्याला पहिल्याच दिवशी भेटून काय आपण करणार आणि काय त्याच्याकडे पाठवणार ते ठरवून टाका.

सात दिवसांचं शिबिर करायचंच असेल

वर्षभर जाणं-येणं असेल तर शिबिराला वेगळं रूप येतं. तरी काही व्यावहारिक गोष्टी. मुलींच्या मुक्कामाची खोली, दाराची कडी, न्हाणी आणि चालू संडास हे शिक्षिकेनं स्वतः आधी जाऊन बघावं. ‘सोय आहे’ या सरपंचांच्या शब्दावर अवलंबून राहू नये. प्यायच्या पाण्याचं टाकं गावाच्या टँकरवर विसंबणारं असेल तर शिबिर तिथं घेऊच नये. सत्तर माणसांचं पाणी गावाच्या तोंडचं काढून आपण कसली सेवा करणार? पालकांची संमती, प्रथमोपचार पेटी, जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचं अंतर, १०८ हा क्रमांक आणि रात्री बाहेर पडताना बॅटरी-बूट, कारण साप हा कागदावरचा धोका नाही.

श्रमदानात चर खणायचे असतील तर आधी कृषी सहायकाकडून रेषा आखून घ्या आणि जमीन कुणाची ते विचारा. उताराला आडवा न काढलेला चर पहिल्या पावसात ओघळ होतो. गल्ल्या झाडायचं काम मात्र मला कधीच पटलेलं नाही. आठव्या दिवशी तो कचरा पुन्हा तिथंच असतो, आणि ज्या समाजाच्या माथी गावानं पिढ्यान्‌पिढ्या झाडू मारला त्या समाजातल्या पोराच्या हाती फोटोसाठी झाडू देताना आपण काय करतो आहोत हे आपल्याला कळायला हवं.

जेवण एक वेळ भंडाऱ्यासारखं एकत्र, एक वेळ दोघं-दोघं वेगवेगळ्या घरी, चिठ्ठ्या टाकून. कुणाच्या घरी जायचं ते पोरांनी निवडायचं नाही. शिधा आपण द्यायचा, ज्वारी, डाळ, तेल, म्हणजे हातावर पोट असलेल्या घरावर भार पडत नाही.

गावाला कॉलेजात बोलवा

नातं एकाच बाजूनं चालत राहिलं तर ते सहलच राहतं. कॉलेजकडे काय काय आहे ते गावाला ठाऊकही नसतं: ग्रंथालय, मैदान, संगणक कक्ष, माती तपासण्याचं साहित्य असलेली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. वर्षातून दोनदा गावातल्या तीस-चाळीस जणांना, त्यात बायका निम्म्या, बोलवा. प्रयोगशाळेत त्यांच्याच शेतातल्या मातीचा सामू (पीएच) मोजून दाखवा. खत किती टाकायचं हा सल्ला मात्र देऊ नका, त्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची माणसं किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र आहे, त्यांची गाठ घालून द्या.

आणि गावातल्या माणसांना शिकवायला बोलवा. बियाणं राखणारी आजी वनस्पतीशास्त्राच्या तासाला, ओव्या म्हणणारी मावशी मराठीच्या, ऊसतोड टोळीची मुकादमी केलेले काका अर्थशास्त्राच्या. उचल, कोयता, टनाचा भाव हे ते फळ्याशिवाय समजावतात. पाहुण्या प्राध्यापकाला जे मानधन देतो ते त्यांनाही द्यावं, पाकिटात घालून, सही घेऊन. शाल-श्रीफळावर भागवू नये. त्यांची एक दिवसाची मजुरी बुडालेली असते.

रूम करून राहणाऱ्यांनी

लातूर, नांदेड, संभाजीनगरात रूम करून राहणाऱ्या पोरांचं गाव म्हणजे त्यांची गल्ली. तिथं मोठे प्रकल्प नकोत. घरमालकाच्या टाकीचं पाणी जपून वापरणं, रात्री अकरानंतर गाडीचा हॉर्न नाही, मेसवाल्या काकूंचे पैसे पाच तारखेच्या आत, एवढ्यानं निम्मं जमतं. उरलेलं निम्मं: गल्लीतल्या दहावीच्या दोन पोरांचं गणित बघणं आणि जयंती-गणपतीच्या मंडळात वर्गणीऐवजी दोन दिवस हात देणं. अठरा पूर्ण झाले असतील तर नमुना ६ भरून मतदार यादीत नाव घाला. घरच्या पत्त्यावर की राहत्या पत्त्यावर हे तुम्ही ठरवा, दोन्हीकडे नको.

हिशेब परत द्यायचा

इंग्रजीत टाईप केलेला साठ पानी अहवाल विद्यापीठात जातो, गावाच्या हाती काही लागत नाही. श्रेयांकासाठी तो लिहावा लागेल तर लिहा, पण त्याआधी मराठीत एक पान करा. मोठ्या अक्षरात: काय मोजलं, काय निघालं, काय जमलं नाही. ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. वाचताना कुणी ‘हे चूक आहे’ म्हणालं तर तिथंच पेनानं दुरुस्त करा. विहिरींचा तक्ता शाळेत लावा. फोटो काढण्याआधी विचारा, लहान पोरांचे फोटो पालकांच्या होकाराशिवाय कुठंच टाकू नका, आणि काढलेले फोटो छापून ज्याचे त्याला द्या. आजीच्या हाती स्वतःचा छापील फोटो पडतो तेव्हा तिला काय वाटतं ते पोरांनी बघावं.

कुणी विद्यार्थिनीनं गावात किंवा प्रवासात त्रास झाल्याचं सांगितलं तर ‘गावाचं नाव खराब होईल’ म्हणून दाबू नका. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे त्याच दिवशी लेखी द्या आणि ती फेरी थांबवा. गाव नंतर पुन्हा जोडता येतं.

रजिस्टर पुढच्या हाती

तीन वर्षांत सगळ्यात मोठी अडचण येते ती पोरं बदलण्याची. दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी सूत्रं धरावीत, तिसऱ्याच्यांनी मागं राहून सांगावं, पहिल्याच्यांनी नुसतं सोबत जावं. शिक्षकाची बदली होते, तेव्हा सगळं एका जाड रजिस्टरमध्ये हवं, कुणाच्या मोबाइलमध्ये नको. त्यात गावाचा हातानं काढलेला नकाशा, विहिरींचे क्रमांक आणि खुणा, एसटीच्या जाण्या-येण्याच्या वेळा, कुठल्या महिन्यात कोण गावात असतं, कुणाला काय शब्द दिला होता आणि तो पाळला की नाही, हे सगळं असावं. पैशाचा हिशेबही त्यातच, तिकिटं चिकटवून.

जुलैअखेर प्रवेश संपले की ऑगस्टमधली पहिली फेरी पोळ्याच्या आत करावी. त्या फेरीला जुनी पोरं नव्यांना घरोघर घेऊन जातात, नावानिशी ओळख करून देतात आणि रजिस्टर त्यांच्या हाती देतात. त्या दिवशी दोन-तीन तास बुडतील. शनिवारी जादा तास ठेवून भरून काढावेत.